डोंगराने रेखलेली चित्रे

दगडावर मनुष्याने मिळविलेल्या प्रभुत्वाची परिसीमा हैदराबादेत पाहावयाची असेल, तर मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील सालारजंग संग्रहालयात जाऊन अवगुंठनवती रेबेकेच्या मूर्तीपुढे उभे राहावे. जोव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेली ही मूर्ती निजामाचे दिवाण पहिले सालारजंग, म्हणजेच मीर तुराब अली खान, यांनी १८७६ साली युरोपच्या प्रवासात रोम येथे खरेदी केली. तिच्या मुखावरून ओघळणारे ते तलम वस्त्र खरोखरीच दगडाचे आहे काय, असा संशय मनात धरून गेल्या कित्येक पिढ्यांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या आहेत. संगमरवराने आपले काठिण्य, आपले वजन, किंबहुना आपले पाषाणपण विसरून जावे आणि कलावंताच्या आज्ञेने रेशीम व्हावे, ही जी पाश्चात्त्य शिल्पकलेची शतकानुशतकांची आकांक्षा, ती त्या मूर्तीत पूर्णत्वाला पोचलेली दिसते.

परंतु संगमरवराच्याच जातीचा एक दगड हाती घेऊन चीन देशातील रसिकांनी याच्या अगदी विरुद्ध दिशेची आकांक्षा बाळगली. दगडाने दुसरे काहीही होऊ नये; त्याच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वी जे रंग साकळले असतील ते तसेच्या तसे उघडे व्हावेत; कारागिराने शिळा योग्य ठिकाणी चिरावी, घोटून तिला ओप द्यावा आणि मग हात जोडून बाजूला व्हावे, अशी ही कला होती. अशा रीतीने चिरलेल्या पाटीवर धुक्यात बुडालेली शिखरे, दूरवर पसरलेले जलाशय, पावसाळी आभाळ आणि ओसाड किनारे इतक्या स्पष्टपणे उमटत, की एखाद्या थोर चित्रकाराने शाईच्या कुंचल्याने ते निसर्गदृश्य रेखले असावे असे वाटे. या चित्रशिळा लाकडी चौकटीत बसवून भिंतीवर टांगल्या जात, पडद्यांत, आसनांच्या पाठींत आणि लेखनाच्या मेजावरील छोट्या आडोशांत जडविल्या जात. सालारजंग संग्रहालयाच्या अतिपूर्वेकडील दालनांत ज्या संस्कृतीची चिनी मातीची भांडी आणि लाखकामाच्या वस्तू आपण पाहतो, त्या संस्कृतीच्या विद्वानाच्या बैठकीत चित्रशिळेला मानाचे स्थान असे. तिचा इतिहास हा जितका रसिकतेचा, तितकाच राज्यकारभाराचा आणि रयतेच्या श्रमाचाही इतिहास आहे. आणि या दोन्ही बाजू एकत्र वाचल्याखेरीज त्या शिळेचे मोल कळत नाही, असे माझे मत आहे.

या शिळांचे माहेर म्हणजे चीनच्या नैर्ऋत्येस ब्रह्मदेशाच्या सरहद्दीलगत असलेल्या युन्नान प्रांतातील ताली हे नगर. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, पूर्वेस अर-हाय सरोवर आणि पश्चिमेस त्सांग-शान पर्वताची भिंत, अशा चिंचोळ्या सुपीक पट्ट्यात ते वसले आहे. त्सांग-शानची एकोणीस शिखरे आणि त्यांच्यामधून सरोवराकडे धावणारे अठरा ओढे यांची गणना तेथील लोक पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. सरळ रेषेत अंतर मोजले तर तालीहून पेकिंग जितके दूर आहे, जवळजवळ तितकेच हैदराबाद दूर आहे. हे केवळ भूगोलाचे कुतूहल नव्हे. ताली हे दीर्घकाळ चिनी साम्राज्याच्या कक्षेबाहेरचे स्वतंत्र राज्य होते. दहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत तेथे बौद्ध राजवंश नांदला, त्यातील अनेक राजांनी सिंहासन सोडून भिक्षूची वस्त्रे धारण केली, आणि तेथील तांत्रिक बौद्ध पुरोहितांस आचार्य या संस्कृत नावाच्याच स्थानिक रूपाने संबोधले जाई. १२५३ साली कुबलाई खानाने हे राज्य जिंकले, आणि १३८२ साली मिंग घराण्याच्या सैन्याने ताली काबीज केल्यावर तो मुलूख चिनी साम्राज्यात कायमचा सामील झाला.

त्सांग-शानच्या उदरात चित्रे कशी निर्माण झाली, याचे उत्तर भूगर्भशास्त्र देते. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडीचा गाळ भूकवचाच्या हालचालींमुळे खोल गाडला गेला, तेथील प्रचंड दाब व उष्णता यांनी त्याचे कण नव्याने स्फटिकरूप झाले, आणि त्याचा संगमरवर बनला. मूळ गाळ सर्वस्वी शुद्ध असता तर आपल्या मकराण्यासारखा तो निव्वळ शुभ्र निघाला असता. परंतु त्यात कर्बाचे, लोहाचे आणि चिकणमातीचे पातळ थर मिसळलेले होते. डोंगर उभा राहत असताना हे थर वाकले, दुमडले, ताणले गेले. कर्बाने काळ्या व राखाडी, लोहाने तांबूस व पिवळ्या, आणि चिकणमातीतून बनलेल्या खनिजांनी हिरव्या छटा दिल्या. हे दुमडलेले थर विशिष्ट कोनातून छेदले असता जी रेषा दिसते ती थेट पर्वतरांगेच्या रेषेसारखी असते, आणि यात नवल नाही, कारण ज्या शक्तींनी बाहेरचा डोंगर घडविला त्याच शक्तींनी आतले हे छोटे डोंगर घडविलेले असतात. पाथरवटाचे सारे कौशल्य त्या छेदाच्या निवडीत असे. वाळू आणि पाणी यांच्या साह्याने शिळा हळूहळू चिरीत जाताना करवत दोन बोटे अलीकडे किंवा पलीकडे पडली, तर शिखराच्या जागी निव्वळ डाग हाती येई.

न घडविलेल्या दगडात रूप पाहण्याची ही वृत्ती आपणा मराठी माणसांस अपरिचित वाटू नये. गंडकी नदीतील शाळिग्राम, नर्मदेतील बाणलिंग आणि गावोगावच्या देवळांत शेंदूर लावून पूजिलेला स्वयंभू तांदळा यांना कोणा मूर्तिकाराची छिन्नी लागलेली नसते, आणि म्हणूनच भाविकाच्या मनात त्यांची प्रतिष्ठा घडीव मूर्तीहून तसूभरही कमी नसते. बुंदेलखंडात बांदा येथे केन नदीतून निघणारा शजर नावाचा अकीक तर आपल्याकडील चित्रशिळाच होय. लोह व मँगनीज यांच्या संयुगांनी त्याच्या पोटात पानाफांद्यांसह झाडे उमटलेली असतात. पश्चिमेकडेही हा छंद जुना आहे. एपायरसचा राजा पिऱ्हस याच्या अंगठीतील अकीकात नऊ कलादेवतांसह अपोलो निसर्गतःच उमटला होता, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले आहे. आणि फ्लॉरेन्सच्या परिसरातील चुनखडीच्या पाट्यांत सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय संग्राहकांना भग्न नगरे, ढासळलेले बुरूज आणि पेटलेली क्षितिजे दिसत. या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. दगड सर्वत्र आपल्या नियमाने रंगतो, परंतु ग्रीकाला त्यात देवता, इटालियनाला पडकी शहरे आणि चिनी विद्वानाला धुक्यातील पर्वत दिसतात; ज्याच्या डोळ्यांवर जो संस्कार, तेच चित्र त्याच्या हाती लागते. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी त्या पाट्यांवर आपल्या हाताने नौका व माणसे रंगवून निसर्गाचे काम पुरे केले. चिनी रसिकाने मात्र फार तर चार अक्षरांचे नाव, एखादी कविता आणि आपली मुद्रा, एवढ्यावरच समाधान मानले.

हा चिनी संस्कार केव्हा घडला? अकराव्या शतकात, सुंग घराण्याच्या अमदानीत, इतिहासकार व कवी ओउयांग श्यू हा राजधानीपासून दूर प्रांतात अधिकारपदावर असता एका स्नेह्याने त्यास दगडाचा एक लहानसा आडोसा भेट दिला. घोटलेली शाई वाऱ्याने लवकर सुकू नये म्हणून विद्वान लोक असा आडोसा मेजावर ठेवीत. दगडी पुलाच्या बांधकामासाठी शिळा काढीत असताना ही पाटी सापडली होती. जांभळ्या पृष्ठभागावर शुभ्र चंद्रबिंब आणि त्या बिंबात काळ्या फांद्यांचे दाट झाड असे तिचे स्वरूप होते. ओउयांग श्यूला तिचे इतके अप्रूप वाटले, की त्याने तिची प्रतिकृती एका चित्रकाराकडून काढवून घेतली, स्वतः तिच्यावर काव्य रचले आणि आपल्या कविमित्रांनाही तिच्याविषयीच्या वादात ओढले. चंद्राचा प्रकाश दगडात शिरून तेथे स्थिरावला काय, की हा केवळ योगायोग आहे, यावर त्या मंडळींत काव्यरूप खंडनमंडन झाले. पुढे ओउयांगच्या संग्रहातील दुसऱ्या एका शिळेवर, जीत एकाकी चीडवृक्ष उमटला होता, त्याचा शिष्य सू तुंग-पो याने अशी कल्पना केली, की ती शिळा जेथून निघाली त्या पर्वताच्या कुशीत पुरलेल्या प्राचीन चित्रकारांची देहाबरोबर नष्ट न झालेली प्रतिभा धूसर वाफेच्या रूपाने दगडात उतरली असावी. चित्रकार मेला तरी त्याचे चित्र डोंगर पुरे करतो, ही ती कल्पना. आणि मानवी कला व सृष्टी यांच्यामधील भिंत एवढ्या सहजतेने पाडणारी दुसरी कल्पना मला जागतिक वाङ्मयात आढळलेली नाही.

त्याच काळात चिनी चित्रकलेतही मोठे स्थित्यंतर होत होते. विद्वान अधिकाऱ्यांचा एक वर्ग रंगांचा त्याग करून केवळ शाईने चित्रे काढू लागला. सुंग अमदानीतील विख्यात चित्रकार मी फू आणि त्याचा पुत्र यांनी ओल्या शाईच्या आडव्या ठिपक्यांनी धुक्यात विरघळणारे डोंगर रंगविण्याची रीत प्रचलित केली. हा मी फू दगडांचा इतका भक्त होता, की एका विलक्षण आकाराच्या शिळेस त्याने दरबारी पोशाखात साष्टांग वंदन करून वडील बंधू म्हणून संबोधले, अशी त्याची ख्याती आहे. ताली मुलूख मिंग साम्राज्यात सामील होऊन तेथील पांढरे-काळे संगमरवर जेव्हा यांगत्से नदीच्या खोऱ्यातील धनिकांच्या घरी पोचू लागले, तेव्हा त्यांचे डोळे या शाईच्या डोंगरांनी आधीच तयार झालेले होते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सूचौ येथील वन चन-हंग या विद्वानाने रसिकाच्या घरात कोणत्या वस्तू असाव्यात याविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात तालीच्या दगडाची प्रतवारी दिलेली आहे. पांढरा भाग जेडसारखा आणि काळा भाग शाईसारखा असावा. पांढऱ्यात निळसर किंवा काळ्यात राखी छटा आली तर तो दगड हलक्या प्रतीचा. आणि ज्या जुन्या शिळेत मी फूच्या घराण्यातील चित्रांसारखी मेघावृत गिरिशिखरे आपोआप उमटली असतील ती सर्वश्रेष्ठ, असा त्याचा निर्वाळा आहे. असा दगड पडद्यात बसवावा हीच प्राचीनांची रीत, त्याची मेजे व आसने करण्याची नवी चाल शिष्टसंमत नव्हे, असेही तो बजावतो. १६४५ साली मांचू सैन्याच्या हाती सूचौ पडले, तेव्हा या मनुष्याने परक्याची सत्ता मान्य करण्यापेक्षा अन्नत्याग करून मरण पत्करले. त्याच्या या सूक्ष्म रसिकतेस हलकी हौस समजण्याचे धाडस मला होत नाही.

वन चन-हंगने दगड दूर सूचौत बसून पाहिला. त्याचाच समकालीन श्यू श्या-ख हा तालीपर्यंत पायी गेला. आयुष्यातील तीसहून अधिक वर्षे देशाटनात घालविलेला हा महान प्रवासी १६३९ साली तालीस पोचला आणि तेथील तीन बौद्ध मनोऱ्यांच्या प्रसिद्ध विहाराच्या परिसरात त्याने बुद्धमूर्तीच्या आसनामागे बसविलेल्या दोन प्रचंड शिळा पाहिल्या. प्रत्येकीची लांबी-रुंदी सात सात चिनी फूट, म्हणजे दोन मीटरांहून अधिक, आणि जाडी मात्र जेमतेम इंचभर. उत्तरेकडील शिळेत दूरचे डोंगर, विस्तीर्ण पाणी आणि धूसर किनाऱ्यापाशी अर्धवट दिसणारी एक नाव होती. दक्षिणेकडील शिळेत उत्तुंग कड्यांच्या एकामागून एक रांगा वाफेत बुडालेल्या होत्या. अर्ध्या आयुष्यात प्रत्यक्ष पर्वत तुडवून आलेल्या त्या माणसाने त्यांच्यापुढे उभे राहून असा अभिप्राय नोंदविला, की सृष्टीची ही करामत पाहिल्यावर चित्रकारांचे सारे काम सामान्य वाटते आणि चित्रशाळांची गरजच उरत नाही. ज्या डोळ्यांना चित्रकारांनी पाहावयास शिकविले, तेच डोळे दगड पाहून चित्रकारांस निरोप देऊ लागले, हा या इतिहासातील रसिकतेचा सर्वोच्च बिंदू होय.

आता या इतिहासाची दुसरी बाजू उघडली पाहिजे. श्यू श्या-खच्या या भेटीपूर्वी पाऊणशेहून अधिक वर्षांमागे मिंग घराण्याचा च्या-चिंग बादशहा पेकिंगच्या तख्तावर होता. त्याची कारकीर्द १५२२ ते १५६६ पर्यंतची. दाव पंथाच्या विधिविधानांत आणि अमरत्वाच्या औषधींत तो गुंतलेला होता, आणि राजवाड्याच्या बांधकामांवर खजिना रिता होत होता; १५५७ साली आगीत राजवाड्याची तीन प्रमुख सभागृहे भस्मसात झाल्यावर तर साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लाकूड व दगड मागविण्यात आले. अशाच एका फर्मानाने युन्नान सुभ्याकडे तालीच्या पन्नास चित्रशिळांची मागणी झाली. मापे नेमून दिलेली होती: सात फूट चौरस पाच, सहा फूट चौरस पाच, पाच फूट चौरस दहा, चार फूट चौरस पंधरा आणि तीन फूट चौरस पंधरा. कागदावर ही यादी एखाद्या सुताराच्या मागणीइतकी साधी दिसते. परंतु पर्वताच्या ज्या उंचीवर खाणी होत्या, तेथे सात फुटांची अखंड, निर्भेग आणि शिवाय सुंदर शिळा सापडणे हीच मुळी दुर्मिळ गोष्ट. ती सापडली तर घसरणीच्या पायवाटांनी खाली आणणे हे जिवावरचे काम. आणि त्यानंतर पेकिंगपर्यंत सरळ रेषेत मोजले तरी दोन हजार किलोमीटरांहून अधिक, आणि प्रत्यक्ष वाटेने त्याच्या कितीतरी पट कष्टाचा, घाटांचा आणि नद्यांचा मार्ग.

त्या वेळी युन्नानचा सुभेदार असलेल्या च्यांग त्सुंग-लू याने हे फर्मान निमूटपणे खाली पाठविले नाही. त्याने बादशहास अर्जदास्त लिहिली आणि ती इतिहासात टिकून राहिली. तीन-चार फुटांच्या शिळा पूर्वीपासून मिळत आल्या आहेत. त्याहून मोठ्या शिळा मिळणे कठीण आणि हलविणे त्याहून कठीण. दुष्काळ व धामधुमीने गांजलेल्या रयतेला हा भार सोसवणार नाही. सबब पाषाणपडद्यांची ही मागणी थांबवावी, अशा आशयाची ती अर्जदास्त होती. निरंकुश बादशहाच्या हौसेविरुद्ध लेखणी उचलणे म्हणजे काय, हे त्या काळातील अधिकाऱ्यांस चांगले ठाऊक होते; याच च्या-चिंग बादशहाने आपल्याला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांना भर दरबारात फटके मारवून त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले होते. च्यांग त्सुंग-लूने त्या शिळेत डोंगर पाहिले नाहीत. त्याने त्या शिळेखाली वाकलेली माणसे पाहिली. चित्रशिळांचा विचार करताना मी या अर्जदास्तीस ओउयांग श्यूच्या काव्याच्या आणि श्यू श्या-खच्या रोजनिशीच्या बरोबरीचे स्थान देतो.

हैदराबादच्या वाचकाला तर ही कथा घरचीच वाटेल. शहराच्या मध्यभागी, चारमिनारच्या शेजारी उभी असलेली मक्का मशीद कुतुबशाहीत सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली आणि औरंगजेबाच्या अमदानीत १६९४ साली पुरी झाली. फ्रेंच जवाहिऱ्या व प्रवासी ताव्हर्निये हा गोवळकोंड्यास आला तेव्हा ती अपुरीच होती. तिच्यातील नमाजाच्या कोनाड्याच्या एकाच अखंड शिळेविषयी त्याने जे ऐकले ते लिहून ठेवले आहे: खाणीतून ती शिळा सुटी करण्यास पाच वर्षे लागली, त्या कामावर पाच-सहाशे माणसे सतत राबत होती, आणि ती ओढून आणण्यास चौदाशे बैल जुंपावे लागले. तालीचा संगमरवर आणि येथील ग्रॅनाइट यांच्या स्वभावात कमालीचा फरक आहे. सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आमचा हा खडक चित्रे दाखवीत नाही, केवळ आपला भार आणि चिवटपणा दाखवितो. परंतु खाणीपासून वाड्यापर्यंतची वाट दोन्ही दगडांची एकच. तेलंगणात ज्या श्रमाला वेट्टी म्हणत आणि मराठवाड्यात ज्याला वेठबिगार म्हणत, त्या श्रमाची आठवण अजून या दोन्ही प्रदेशांतील घराघरांत आहे. म्हणून पन्नास शिळांच्या त्या यादीचा अर्थ समजण्यास आपणास चिनी भाषा यावयास नको.

मिंग गेले, मांचूंचे छिंग घराणे आले; चित्रशिळेचा मान मात्र कमी झाला नाही. १८२६ पासून १८३५ पर्यंत युन्नान व क्वैचौ या दोन प्रांतांचा सुभेदार असलेला रुआन युआन हा तिचा सर्वांत मोठा इतिहासकार व भाट होय. हा मनुष्य प्राचीन ग्रंथांचा गाढा संशोधक आणि शिलालेखांचा अभ्यासक. युन्नानला येण्यापूर्वी नऊ वर्षे तो कँटनच्या सुभेदारीवर होता. ज्या वर्षांत मुंबईचे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे व्यापारी कापूस आणि माळव्याची अफू कँटनला पाठवून तेथून चहा, रेशीम व चिनी माल आणवीत होते, तीच ही वर्षे. कँटनच्या बंदरातील त्या अस्वस्थ व्यापारी जगातून निघून डोंगराळ युन्नानमध्ये आल्यावर रुआन युआनचे मन त्सांग-शानच्या दगडांत रमले. चांगल्या शिळा निवडाव्या, प्रत्येकीत कोणत्या प्राचीन चित्रकाराची शैली किंवा कोणत्या कवीची ओळ सजीव झाली आहे ते ठरवावे, तदनुसार तिला नाव द्यावे आणि ते नाव तिच्यावर कोरवावे, असा त्याचा परिपाठ होता. या साऱ्या शिळांची नोंद त्याने ‘पाषाणचित्रांची बखर’ म्हणता येईल अशा पाच भागांच्या ग्रंथात केली. शिळेला नाव देणे म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाट दाखविणे. नाव वाचण्यापूर्वी जो डाग असतो तो नाव वाचल्यावर पावसातील डोंगर होतो, आणि एकदा डोंगर दिसला म्हणजे पुन्हा डाग म्हणून त्याच्याकडे पाहता येत नाही. रुआन युआनने दगडाला हात लावला तो एवढाच. आणि तरीही त्या शिळांचा अर्धा कर्ता तो आहे, असे मानणे मला न्याय्य वाटते.

त्याने युन्नान सोडल्यावर एकवीस वर्षांनी तो प्रांत पेटला. खाणींवरील हक्कांवरून हान चिनी आणि ह्वै मुसलमान यांच्यातील तंटे विकोपास जाऊन १८५६ साली मोठी कत्तल झाली, आणि त्यातून उठलेल्या बंडाचा नेता तू वन-श्यू याने ताली हस्तगत करून तेथे स्वतंत्र राज्य स्थापिले. ब्रह्मदेशातील इंग्रजांनी त्याला सुलतान सुलेमान या नावाने ओळखले. सोळा वर्षे हे राज्य टिकले. पेकिंगची फौज जवळ येऊ लागली तेव्हा, १८७२ साली, सुलतानाने इंग्रजांचे साह्य मागण्यासाठी आपला मानलेला पुत्र हसन यास रंगूनमार्गे लंडनला पाठविले. महाराणी व्हिक्टोरियास द्यावयाच्या नजराण्यात त्सांग-शान पर्वताचे दगड होते. आपला डोंगर आपण तुमच्या आश्रयास देत आहोत, असा त्याचा अर्थ. ज्या दगडांत सूचौच्या विद्वानांनी मी फूची शिखरे पाहिली, रुआन युआनने कवींच्या ओळी पाहिल्या, तेच दगड आता एका संकटग्रस्त राज्याची विनवणी घेऊन निघाले होते. लंडनच्या मुत्सद्द्यांनी दूतमंडळाचे आदरातिथ्य केले आणि साह्य नाकारले. मंडळ परतण्यापूर्वीच, डिसेंबर १८७२ मध्ये, तालीचा पाडाव झाला. सुलतानाने विष घेतले आणि नगरात भीषण संहार झाला.

या घटनेनंतर अवघ्या चार वर्षांनी हैदराबादचे दिवाण सालारजंग लंडनला गेले. १८५३ पासून दिवाणगिरी सांभाळणाऱ्या या मुत्सद्द्यासही इंग्रजांपुढे एक राजकीय गाऱ्हाणे मांडावयाचे होते, ते वऱ्हाड निजामास परत मिळावा याविषयीचे; आणि तेही नामंजूर झाले. याच प्रवासात रोम येथे त्यांनी रेबेकेची मूर्ती घेतली. आशियातील दोन मुलखांचे प्रतिनिधी एकाच दशकात एकाच राजधानीच्या दारी उभे राहिले आणि रिकाम्या हातांनी परतले. एकाने जाताना डोंगराचे दगड नेले, दुसऱ्याने येताना घडीव संगमरवर आणला. सालारजंगांच्या दिवाण देवडी या वाड्यात आईनेखाना होता तसा चिनी भांड्यांनी सजविलेला चिनीखानाही होता. विषारी अन्न घातले असता फुटते किंवा रंग बदलते अशी समजूत असलेली हिरवट झिलईची घोरी भांडी या शहराच्या अमीर-उमरावांना फार पूर्वीपासून प्रिय होती. त्या घराण्याचे तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, १९१२ ते १९१४ या अल्प काळात निजामाचे दिवाण होते. ते पद सुटल्यावर २ मार्च १९४९ रोजी मृत्यू येईपर्यंतची पस्तीस वर्षे त्यांनी ग्रंथ, हस्तलिखिते आणि जगभरच्या कलावस्तू जमविण्यात घालविली. त्यांच्यामागे औरस वारस नव्हता. १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते हा संग्रह लोकांसाठी खुला झाला, १९६१ साली संसदेच्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला, आणि १९६८ साली तो मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत आला. दिवाण देवडीचे वाडे आज बहुतेक नाहीसे झाले आहेत. निवडलेल्या वस्तू मात्र राहिल्या.

येथे ‘निवडलेल्या’ या विशेषणावर भर द्यावासा वाटतो, कारण संग्राहकाचे काम आणि चित्रशिळा चिरणाऱ्याचे काम यांत मला अंतरंगाचे साम्य दिसते. दोघेही स्वतः काही निर्माण करीत नाहीत. हजारांतून एक उचलतात, योग्य चौकटीत बसवितात, आणि त्यामुळे इतरांस जे दिसले नसते ते दिसू लागते. ही दृष्टी खरी प्रतिभा आहे, आणि तिला प्रतिभेचा मान दिलाच पाहिजे. परंतु निवडणाऱ्याच्या नावाने संग्रह ओळखला जातो, नाव देणाऱ्याच्या नावाने शिळा ओळखली जाते, आणि ज्यांनी ती डोंगरातून काढली, चिरली, घोटली, वाहून आणली, त्यांची नावे दप्तरात नसतात. त्सांग-शानच्या खाणीत राबणारे बहुसंख्य पाथरवट तेथील पै जमातीचे. मक्का मशिदीच्या शिळेमागे चालणारे बैलवाले येथल्याच मातीतले. त्यांच्याविषयी जे थोडे कळते, ते परदेशी प्रवाशाने ऐकलेल्या आकड्यांतून किंवा एखाद्या धीट सुभेदाराच्या अर्जदास्तीतून कळते.

म्हणून कलावस्तूंचा इतिहास लिहिताना, आणि संग्रहालयांतील वस्तूंखाली पाट्या लावताना, कर्ता, काळ आणि शैली यांच्या जोडीला खाण, वाट आणि वाहणारे हात यांचीही नोंद करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. अशा नोंदीने सौंदर्य उणे होत नाही. उलट, सात फुटांची ती इंचभर जाडीची शिळा अभंग अवस्थेत देवळापर्यंत कशी पोचली असेल याचा विचार मनात आला, म्हणजे त्यावरील अर्धवट दिसणारी नाव अधिकच अद्भुत वाटू लागते. निसर्गाचे काम कोट्यवधी वर्षांचे, रसिकाचे काम एका क्षणाचे आणि श्रमिकाचे काम कित्येक महिन्यांचे. या तिघांपैकी एकालाही वगळून चित्रशिळा उभी राहत नाही, आणि पन्नास शिळांच्या फर्मानाला नकार देणाऱ्या च्यांग त्सुंग-लूने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी जो हिशेब बादशहापुढे मांडला, तो मांडल्याखेरीज कोणत्याही वैभवशाली वस्तूचा इतिहास पुरा झाला असे आपण म्हणू नये.